व्हॅनमध्ये शुद्ध पाण्याचा सेटअप, काचा धुण्यासाठी : कामाच्या नोंदी

४ जानेवारी

शेवटी ठरवलंच. आजवर बादली, वायपर आणि शिडी एवढ्यावर काम चाललं, पण दुसऱ्या मजल्याच्या काचेसाठी ओल्या फरशीवर शिडी टेकवायची, एका हाताने धरायचं आणि दुसऱ्याने पुसायचं हे मला आता करायचं नाहीये. मागच्या महिन्यात शिडीचा पाय जेमतेम चार बोटं सरकला आणि तेवढ्यात जे काही डोक्यात येऊन गेलं ते पुरे आहे. त्यामुळे लांब पोल, पोलच्या टोकाला ब्रश, ब्रशमधून पाणी, आणि ते पाणी इतकं शुद्ध की काच पुसायचीच नाही, तशीच वाळू द्यायची. व्हॅन आहेच, सगळं तिच्यातच बसवायचं.

खात्री करायला आज साधा प्रयोग केला. व्हॅनची बाजूची काच धुवून पुसली, मग अर्ध्या भागावर नळाचं पाणी शिंपडलं आणि उरलेल्या अर्ध्यावर बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी. ऊन चांगलं होतं, लगेच वाळलं. नळाच्या बाजूला प्रत्येक थेंबाच्या कडेने पांढरी गोल रेघ, दुसऱ्या बाजूला काहीच नाही, तिथे पाणी पडलं होतं हे सांगूनही पटू नये इतकी साफ. नळाच्या पाण्याचा टीडीएस ३२० पीपीएम आला, म्हणजे लिटरमागे ढोबळ ३२० मिलीग्रॅम क्षार विरघळलेले. पाणी उडून जातं, क्षार काचेवर राहतात, डाग म्हणजे तेच. १० पीपीएमच्या खाली डाग सहसा दिसत नाहीत असं या धंद्यात धरतात, पण गडद काचेवर आणि उन्हात मला ते धरून चालायचं नाही, मला मीटरवर ००० पाहिजे.

पाणी किती लागेल ते पण काढलं. ब्रशमधून मिनिटाला दीड लिटर पुरतं, आठ तासांच्या दिवसात खरं पाणी सुरू असतं चार तास, बाकी वेळ नळी ओढणे, गाडी हलवणे, माणसांशी बोलणे. २४० मिनिटं गुणिले दीड, ३६० लिटर. म्हणजे ४०० लिटरची टाकी घ्यावी असं आत्ता वाटतंय.

९ जानेवारी

४०० लिटरची टाकी रद्द. आज व्हॅन वजनकाट्यावर नेली, डिझेल फुल, मी स्वतः आत बसलेलो. काटा १,३९० किलो दाखवतो. गाडीच्या प्लेटवर एकूण परवानगी २,००० ची. राहिले ६१०. पाण्याचं वजन लिटरला किलो, त्यात कुठे काटछाट करता येत नाही. ४०० पाण्याचे, २५ टाकीचे, ४० लोखंडी फ्रेमचे, आणि आरओ, रील, पोल, बॅटरी, शिडी (ती एक तरी सोबत लागतेच) मिळून ९०. झाले ५५५. वर धाकटा भाऊ सोबत येणार त्याचे ७०. गेलं की हद्दीबाहेर.

३५० लिटरची धरली तर टाकी-फ्रेमसकट सगळं ५००, भाऊ धरून ५७०, आणि ४० किलो हातात राहतात. ३६० ची गरज आणि ३५० ची टाकी, दहा लिटरसाठी मी ओव्हरलोड गाडी चालवणार नाही. ब्रेक लागायला जास्त अंतर लागतं, टायर तापतात, आणि काही झालं तर विमावाले पहिला प्रश्न वजनाचाच विचारतील. ज्यांनी व्हॅनमध्ये आधी टाकी ठेवली आणि मग वजन बघितलं असे दोघं मला माहीत आहेत, दोघांनीही नंतर टाकी बदलली.

टाकी उभी उंच घ्यायची नाही, आडवी बसकी, आत आडव्या भिंती असलेली. टाकी अर्धी रिकामी झाली की पाणी सगळ्यात जास्त हिंदकळतं, वळणावर गाडी आपल्या मनाने एका बाजूला झुकते, आतल्या भिंतींमुळे ती लाट तुटते. आणि रंग काळा. पारदर्शक टाकीत उजेड जातो, आणि कार्बन फिल्टरने क्लोरिन काढून टाकलेलं असल्यामुळे त्या पाण्यात शेवाळाला अडवणारं काहीच उरत नाही.

१५ जानेवारी

अख्खा दिवस फ्रेममध्ये गेला, आणि जायलाच पाहिजे होता.

भाऊ म्हणाला, दादा, बेल्टने आवळून टाकू, दोन बेल्ट आडवे, दोन उभे, हलणार नाही. मी त्याला कागदावर मांडून दाखवलं. जोरात ब्रेक मारला तर गाडीचा वेग साधारण ०.८ जी ने (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाची ओढ) कमी होतो, म्हणजे ३५० किलोचं पाणी पुढे २८० किलोच्या जोराने ढकलतं. बेल्ट हे धरेल. पण ताशी ५० किमीने गाडी कशावर आदळली आणि पुढचा भाग अर्धा मीटर चेपून थांबली तर? ५० किमी म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर, त्याचा वर्ग भागिले दुप्पट अंतर, येतात १९३, एक जी म्हणजे ९.८, म्हणजे जवळजवळ २० जी. ३५० गुणिले २०, ७ टन. ती टाकी आणि आमच्या दोघांच्या पाठी यांच्यात फक्त पातळ पत्र्याचं पार्टिशन आहे. त्यानंतर बेल्टचा विषय निघाला नाही.

फ्रेम ५० एमएमच्या चौकोनी पाइपची, टाकीला चहूबाजूंनी आणि वरून कवेत घेणारी. पार्टिशनला चिकटून ठेवली, म्हणजे पुढे सरकून वेग घ्यायला जागाच नाही, आणि वजन मागच्या अॅक्सलच्या पुढे येतं. बोल्ट एम-१२, ८.८ ग्रेडचे, सहा. बोल्ट तुटत नाही, तुटतो तो पत्रा, बोल्ट डोक्यासकट पत्र्यातून उपसून येतो. म्हणून जिथे जमलं तिथे बोल्ट चेसिसच्या आडव्या पट्टीतून काढले आणि जिथे नुसता पत्रा होता तिथे खालून १०० बाय १०० ची ५ एमएम जाड प्लेट दिली.

भोक पाडायच्या आधी गाडीखाली झोपून प्रत्येक जागा बघितली आणि खडूने खुणा केल्या, डिझेलची लाइन, ब्रेकचा पाइप, वायरिंग. दोन भोकांची जागा त्यामुळे बदलावी लागली, त्यातलं एक बरोबर ब्रेकच्या पाइपवर आलं असतं. प्रत्येक भोकाच्या कडेला गंजरोधक प्रायमर, वर सीलंट. रात्री टाकी रिकामीच ठेवून फ्रेमला दोघांनी पाय लावून ढकललं, गाडी हलते पण फ्रेम हलत नाही.

२२ जानेवारी

पाणी शुद्ध करायची बाजू आज जोडली. क्रम असा: नळ, त्यापुढे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (आपल्या पाइपातलं पाणी उलट फिरून लोकांच्या पिण्याच्या लाइनमध्ये जाता कामा नये), मग ५ मायक्रॉनचा सेडिमेंट (गाळाचा) फिल्टर, मग क्लोरिन काढणारा कार्बन ब्लॉक, मग प्रेशर गेज, मग आरओ मेम्ब्रेन (क्षार अडवणारा पातळ पडदा), आणि शेवटी ११ लिटरची डीआय रेझिनची बाटली (रेझिन म्हणजे उरलेले क्षार धरून ठेवणारे बारीक मणी). तिथून टाकीत.

आरओ का आणि डीआय का, नुसत्या एकाने का भागत नाही, हे बरेच जण विचारतात. नुसतं डीआय लावलं तरी ००० मिळतं, पण ३२० पीपीएमचं पाणी थेट रेझिनमध्ये घातलं तर ते अडीच-तीन दिवसांत संपेल. नुसता आरओ लावला तर चांगल्या मेम्ब्रेनमधून ९५ ते ९९ टक्के क्षार अडतात, तरी तीन ते पंधरा पीपीएम राहतातच. आरओने मोठं ओझं उचलायचं, रेझिनने उरलेलं पुसून काढायचं.

मेम्ब्रेन ४०४० साइझचं, चार इंच व्यास, चाळीस इंच लांब, कमी प्रेशरवर चालणारं. कार्बनवर कंजुषी करायची नाही. लोब आणि सौरीराजन यांनी १९६० च्या सुमारास पहिलं उपयोगी आरओ मेम्ब्रेन बनवलं ते सेल्युलोज अॅसिटेटचं होतं, ते थोडंफार क्लोरिन सहन करायचं. आता वापरतात ते पॉलिअमाइडच्या अतिशय पातळ थराचं, जॉन कॅडॉट यांच्या १९७० च्या दशकातल्या कामातून आलेलं, ते क्षार कितीतरी चांगले अडवतं पण क्लोरिनने खराब होतं आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. कार्बन संपला तरी पाणी दिसायला तसंच दिसतं, म्हणून कार्बननंतर एक छोटा नळ काढलाय, दर आठवड्याला तिथल्या पाण्यात क्लोरिनची पट्टी बुडवून बघायची.

नवीन कार्बनमधून सुरुवातीला काळी पूड येते, ती मेम्ब्रेनमध्ये जाऊ नये म्हणून मधला पाइप काढून दहा मिनिटं पाणी बाहेर सोडलं, बादली आधी काळी मग करडी मग स्वच्छ. मेम्ब्रेनमध्ये ते टिकवायला भरलेलं रसायन असतं, ते जाईपर्यंत तासभर दोन्ही बाजूचं पाणी, शुद्ध आणि वेस्ट (अडलेले क्षार घेऊन बाहेर जाणारं), सोडून दिलं, रेझिनमध्ये त्यातलं काही जाऊ दिलं नाही. मेम्ब्रेनवरचं मोठं रबरी सील पाणी आत येतं त्या बाजूला ठेवायचं, ते नीट बघून बसवलं. ओ-रिंगना (जोडातून पाणी गळू न देणाऱ्या रबरी रिंगांना) ग्लिसरीन लावलं. व्हॅसलीन लावायचं नाही, त्याने रबर फुगतं.

डीआयच्या पुढे पितळेचं काहीही ठेवलं नाही. इतकं शुद्ध पाणी धातूतून थोडं थोडं उचलतं, म्हणून रेझिननंतरच्या सगळ्या जोडण्या प्लास्टिकच्या.

संध्याकाळी सातला मीटर टाकीच्या तोंडाशी लावला आणि ००० आलं. भावाने फोटो काढला. पावणेदोन तासात टाकी भरली, मला वाटलं होतं त्यापेक्षा लवकर.

२९ जानेवारी

इलेक्ट्रिक. १२ व्होल्टचा डायफ्रॅम पंप, कंपनी सांगते मिनिटाला ५ लिटर आणि १०० पीएसआय (पीएसआय हे दाबाचं माप). चालू असताना ६ अँप घेतो, मीटर लावून बघितलं. चार तास म्हणजे २४ अँप-तास, कंट्रोलर (पंपाचा वेग ठरवणारा) आणि बाकी धरून ३०. १०० अँप-तासाची डीप सायकल (रोज उतरवून पुन्हा चार्ज करायला बनवलेली) बॅटरी घेतली, लेड-अॅसिड असल्यामुळे निम्म्याच्या खाली उतरवायची नाही, मग दीड दिवसाचं काम सहज निघतं. गाडीच्या मुख्य बॅटरीवर पंप चालवायचा नाही, दुपारी गाडी स्टार्ट झाली नाही तर ३५० किलो पाणी घेऊन कुठे धक्का मारणार.

चार्जिंगला, व्होल्टेज बघून ही बॅटरी गाडीच्या बॅटरीला जोडणारा रिले (आपोआप चालणारा स्विच), माझा १३.३ व्होल्टला जोडतो आणि १२.८ ला तोडतो. नव्या गाड्यांमध्ये अल्टरनेटर स्वतःच व्होल्टेज कमीजास्त करतो, तिथे हा रिले नीट चालत नाही, त्यांनी बॅटरी-टू-बॅटरी चार्जर लावायचा. माझी गाडी जुनी आहे.

वायरची जाडी हिशेब करून घेतली. बॅटरी ते पंप ५ मीटर, जाऊन येऊन १०. दीड एमएमच्या वायरमध्ये ६ अँपला ०.७ व्होल्ट वाटेतच जातो, ४ एमएममध्ये पाव व्होल्ट. ४ ची टाकली. फ्यूज बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत, दोन्ही बॅटऱ्यांच्या बाजूला. फ्यूज पंपाजवळ लावला तर मधली पाच मीटर वायर कुठे घासून शॉर्ट झाली की तिला वाचवणारं काहीच नसतं, आणि ती जाते लोखंडी फ्रेमच्या कडेनेच. तिथे तिला पन्हळीदार पाइपमध्ये घातलंय.

५ फेब्रुवारी

नळी आणि रील. दोन नळ्या आणून दोन्ही लावून बघितल्या कारण ऐकीव माहितीवर मन बसत नव्हतं. ६ एमएम आतल्या व्यासाची १०० मीटर नळी हलकी, ओढायला सुखाची, तिच्यात पाणी मावतं पावणेतीन लिटर. ८ एमएमची जड, तिच्यात ५ लिटर. पण मिनिटाला २ लिटर वाहतं ठेवलं तर घर्षणातच ६ एमएममध्ये ५५ ते ६० पीएसआय जातात आणि ८ एमएममध्ये जेमतेम १५. व्यास थोडासा वाढला पण तोटा जवळजवळ चौथ्या हिश्श्यावर. वर पोल १० मीटर उंच उचलला की उंचीचे आणखी सव्वाचौदा पीएसआय. म्हणजे बारीक नळीला पंप सारखा जोर लावतो, बॅटरी खातो, तापतो. ८ एमएमची ठेवली. रोज दिवसभर ओढून खांदा दुखेल तर दुखेल, ते मी सोसेन, पंप सोसणार नाही.

कंट्रोलरचं डेड-एंड कॅलिब्रेशन केलं, म्हणजे पोलचा नळ बंद केला की पंप आपोआप थांबतो. ते पूर्ण नळी जोडून, पाणी वाहतं ठेवून करायचं, नाहीतर रील अर्धा गुंडाळलेला असताना केलेलं सेटिंग काम करताना उगाच थांबत राहतं. बादली आणि घड्याळ घेऊन प्रवाह मोजला, कंट्रोलरच्या ३५ आकड्यावर मिनिटाला १.६ लिटर. तोच ठेवला.

पोल कार्बन फायबरचा. हलका आणि ताठ, पण कार्बन वीज वाहून नेतो, आणि फायबर ग्लासचा असता तरी ओला झाल्यावर त्याचा भरवसा नाहीच. त्यामुळे गाडीतून पोल काढायच्या आधी वर बघायचं, वायर आहे का, असेल तर त्या बाजूला पोल उघडायचाच नाही, काम सोडायचं. हे मी भावाला तीनदा सांगितलं आणि पोलवर टेप लावून त्यावर लिहिलंही.

१० फेब्रुवारी

पहिला कामाचा दिवस. तीन मजली इमारत, ४२ काचा, जमिनीवर उभं राहून. शिडी गाडीतच राहिली.

शिकायला मिळालं ते असं. आधी चौकट घासायची, वरची पट्टी आधी, मग काच. नुसती काच धुतली तर वरच्या रबरात साचलेली धूळ नंतर पाझरते आणि स्वच्छ काचेवर मधोमध ओघळ येतो. पहिल्यांदा धुताना दोनदा करायचं, एकदा मळ सोडवायला, चौकट निथळली की पुन्हा. आणि शेवटी ब्रश काचेवरून उचलून नुसतं पाणी वरपासून खाली सोडायचं. काही काचांवर पाणी चादरीसारखं पसरून उतरतं, तिथे ब्रश न उचलता धुतलं तरी चालतं, काहींवर थेंब थेंब होऊन बसतं, तिथे घाई केली की थेंबातला मळ तिथेच वाळतो. या दुसऱ्या प्रकारच्या काचेला जास्त वेळ आणि जास्त पाणी.

दुपारनंतर उन्हात सगळ्या काचा वाळलेल्या बघितल्या, एक डाग नाही. चार वर्षं वायपरने काम करतोय, कोपरे कधीच इतके साफ निघाले नव्हते.

२५ फेब्रुवारी

गडबड आहे. कालपासून गडद काचांवर अगदी बारीक पांढुरकी झाक येतेय, थेंबाचे डाग नाहीत, नुसती धुरकट. मला वाटलं ब्रश मळला, धुतला, फरक नाही. मीटरवर ००२. दोन पीपीएमने इतकं दिसायला नको. आज दुपारी ००९, आत्ता संध्याकाळी ०३१.

रेझिन संपलं. बारा दिवसांच्या कामात. हे मला पटत नाहीये.

झाकेचं कारण मात्र नंतर लक्षात आलं. मिश्र रेझिन संपत आलं की सगळ्यात आधी सुटते ती सिलिका, आणि सिलिकाचे (वाळूतल्या घटकाचे) पाण्यात फारसे आयन, म्हणजे वीज वाहून नेणारे कण, होत नाहीत. टीडीएस मीटर क्षार मोजतच नाही, तो पाण्याची विद्युतवाहकता मोजून त्यावरून आकडा काढतो, त्यामुळे सिलिका त्याला जवळपास दिसतच नाही. मीटर ००२ म्हणत होता आणि काच खरं सांगत होती.

२६ फेब्रुवारी

आज काम घेतलं नाही, दिवसभर गाडी उघडून बसलो.

आधी कागदावर. मिश्र रेझिनच्या लिटरला ढोबळ २५ ते ३० ग्रॅम क्षार धरता येतात, ११ लिटरला ३०० ग्रॅम. आरओमधून १० पीपीएम येत असतं तर त्यात ३०,००० लिटर निघायला हवेत, रोज ३५० धरले तर ८५ दिवस. माझे निघाले ४,२००. उलटा भागाकार केला, ३०० ग्रॅम भागिले ४,२००, येतात ७१ पीपीएम. म्हणजे आरओमधून सत्तरच्या आसपास येत असणार, आणि मी एकदाही तिथे मोजलेलं नाही. २२ जानेवारीला टाकीच्या तोंडाशी ००० बघितलं आणि समाधान मानलं. रेझिन चांगलं असेपर्यंत मागे काय वाट्टेल ते बिघडलं असलं तरी शेवटी ०००च दिसणार, तो आकडा मेम्ब्रेनबद्दल काहीच सांगत नाही.

आरओनंतरचा पाइप सोडून मोजलं. ६४. नळाला ३२०. अडवणूक ८० टक्के, नवीन मेम्ब्रेनला ९६ च्या वर पाहिजे.

मध्ये एक घोळ झाला तोही लिहून ठेवतो. भाऊ त्याचा हातातला मीटर घेऊन आला, नळाचं पाणी ४४५ दाखवायला लागला. माझा ३२०. दोन्ही मीटर बरोबर आहेत. माझा वाहकतेला ०.५ ने गुणतो, त्याचा ०.७ ने. एका जागी एक मीटर आणि दुसऱ्या जागी दुसरा लावला असता तर टक्केवारी पूर्ण चुकली असती. दोन्हीकडे एकच मीटर वापरायचा.

मेम्ब्रेन खराब असेल का? क्लोरिनची पट्टी कोरी, कार्बन ठीक. प्रेशर ६० पीएसआय, ठीक. मग आठवलं की टाकी अपेक्षेपेक्षा लवकर भरत होती, पावणेदोन तासात, आणि मी त्यावर खूश होतो. कुठूनतरी कच्चं पाणी शुद्ध पाण्यात मिसळत असेल तर प्रवाह वाढलेला दिसणारच. ६४ व्हायला एकूण पाण्यातलं पाचव्या-सहाव्या हिश्श्याचं पाणी कच्चं असायला हवं, वेळेतला फरकही साधारण तेवढाच होता.

हाउसिंग (मेम्ब्रेन ज्या नळकांड्यात बसतं ते) उघडलं. मेम्ब्रेनच्या मधल्या नळीला झाकणाशी जोडणारा जो छोटा तुकडा असतो त्याच्यावर दोन ओ-रिंग असतात, त्यातली एक कापली गेलेली, करंगळीच्या नखाएवढा तुकडा दुमडून खाचेच्या बाहेर आला होता. झाकण दाबून बसवताना ते तिरकं गेलं असणार, तेव्हा मला थोडं अडल्यासारखं वाटलं होतं आणि मी जोर लावला होता. माझीच चूक.

दोन्ही ओ-रिंग बदलल्या, ग्लिसरीन, या वेळी झाकण हाताने फिरवत फिरवत सरळ आत. अर्धा तास पाणी सोडून मोजलं: १८, मग १२, मग ९ वर स्थिर. ९७ टक्के. टाकी भरायला आता २ तास १० मिनिटं लागतात.

रबराचं एवढंसं वेटोळं, आणि त्याने ११ लिटर रेझिन खाल्लं.

२ मार्च

रेझिन नवीन भरलं आणि तीन जागी कायमचे मीटर बसवले, एकाच कंपनीचे एकाच गुणकाचे: नळाकडून आत येताना, आरओनंतर, रेझिननंतर. दाराच्या आतल्या बाजूला वही लटकवली आहे. रोज टाकी भरताना पाच आकडे: तिन्ही टीडीएस, प्रेशर, आणि भरायला लागलेला वेळ. वेळ हा आकडा मला आता सगळ्यात जास्त बोलका वाटतो. अचानक कमी झाला तर कुठेतरी पाणी चोरवाटेने जातंय, हळूहळू वाढत गेला तर फिल्टर किंवा मेम्ब्रेन तुंबतंय.

पण पाण्याचं तापमान सोबत लिहायला हवं, हे भावाने काढलं. पाणी थंड असलं की मेम्ब्रेनमधून कमी निघतं, एका अंशाला साधारण तीन टक्के. थंडीच्या सकाळी वेळ वाढला म्हणून मेम्ब्रेन बदलायला निघालो असतो. थर्मामीटर चिकटवला.

वेस्टचं पाणी: सुईच्या व्हॉल्व्हने शुद्ध आणि वेस्ट एकास एक ठेवलंय. वेस्ट कमी करायचा मोह होतो, पण व्हॉल्व्ह जास्त आवळला की मेम्ब्रेनच्या आत क्षारांचं प्रमाण वाढून कॅल्शियमचा थर बसतो. वेस्टचा टीडीएस ६३० आहे, तो ड्रममध्ये साठवून अंगण आणि गाडीची चाकं धुवायला वापरतो.

१३ मार्च

टाकी भरली की पाणी बंद व्हावं म्हणून मी आधी संडासच्या फ्लशच्या टाकीत असतो तसला साधा फ्लोट लावला होता, शुद्ध पाण्याच्या तोंडाशी. आज तो काढला. फ्लोट बंद झाला की शुद्ध पाण्याची बाजू कोंडते पण मागून नळ चालूच, मेम्ब्रेनमधून पाणी वेस्टला जातच राहतं, नुसतं वाया. आणि त्याहून वाईट म्हणजे नळ बंद केला की कोंडलेलं प्रेशर शुद्ध बाजूने मेम्ब्रेनवर उलटं येतं, आणि मेम्ब्रेनचे थर आतून चिकटवलेले असतात, उलट्या दाबाने ते सुटू शकतात. शुद्ध बाजू कधीही बंद करायची नाही.

आता टाकीत इलेक्ट्रिक फ्लोट स्विच, आणि तो नळाकडच्या सोलेनॉइड (विजेवर चालणाऱ्या) व्हॉल्व्हला बंद करतो, म्हणजे थांबायचं ते सुरुवातीलाच. सोलेनॉइड असा घेतला की वीज गेली तर तो बंद होतो. आणि टाकीला ओव्हरफ्लोचा पाइप गाडीच्या खाली काढलाय, स्विच कधी अडकला तर पाणी बॅटरीकडे जाऊ नये.

२९ मार्च

टाकीत रात्रभर राहिलेलं पाणी सकाळी ००१ दाखवतं, भाऊ घाबरला. ते हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळल्यामुळे. शुद्ध पाणी हवेला लागलं की तो घेतंच, त्याने वाहकता किंचित वाढते, काचेवर त्याचा काही डाग पडत नाही कारण वाळताना तो वायू उडून जातो. आज मुद्दाम गडद काचेवर त्याच पाण्याने धुवून उन्हात वाळवून दाखवलं. साफ.

सलग दोन दिवस काम नसेल तर हाउसिंगमधून दहा मिनिटं ताजं पाणी सोडायचं असं वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं, मेम्ब्रेन सुकू द्यायचं नाही आणि आत पाणी सडूही द्यायचं नाही.

फ्रेमचे सहाही बोल्ट आज पान्याने तपासले, एक पाव फेरा फिरला. महिन्यातून एकदा हे करायचं.

१८ एप्रिल

नवीन रेझिनवर आजवर १२,४०० लिटर. आत येताना ३२५, आरओनंतर ९, रेझिननंतर ०००. प्रेशर ५८, पाणी २४ अंश, भरायला २ तास ४ मिनिटं. बाटलीतल्या रेझिनचा रंग बदललेला पट्टा खालून तिसऱ्या हिश्श्याच्या थोडा वर आलाय, हिशेबाशी जुळतंय.

सेडिमेंट फिल्टर उघडला तर तांबडा झाला होता, बदलला. कार्बननंतरची पट्टी आज पहिल्यांदा अगदी फिकट रंग दाखवतेय. नवीन कार्बन ब्लॉक आणलाय, उद्या सकाळी टाकी भरायच्या आधी तो बसवायचा आणि काळी पूड जाईपर्यंत मधला पाइप काढून ठेवायचा.